अनुभव धागा : लाटवियातील लीगो-यान्यी आणि शेतावरचे रात्रभराचे वनभोजन

जूनच्या 23 तारखेला दुपारनंतर रीगा शहर रिकामे होऊ लागते. मोटारींच्या पुढच्या भागावर ओकच्या किंवा बर्चच्या डहाळ्या बांधलेल्या असतात, मागे पाव, चीज, बियर आणि घोंगड्या भरलेल्या असतात, आणि बहुतेकांना कोणा ना कोणा नातेवाइकाच्या शेतावर पोहोचायचे असते. उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसांच्या सुमारास येणाऱ्या या सणाचे 23 जूनला लीगो आणि 24 जूनला यान्यी असे दोन दिवस असून दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. यान्यी हे नाव ख्रिस्ती पंचांगातील संत योहानाच्या दिवसाशी जोडलेले असले, तरी प्रत्यक्षात जे होते त्यात सूर्य, अग्नी, वनस्पती आणि गुरेढोरे यांनाच मान असतो. 1920च्या दशकात एर्नेस्ट्स ब्रास्टिन्श यांच्या पुढाकाराने जुन्या लाटवियन श्रद्धांवर आधारलेला दिएव्तुरी पंथ उभा राहिला आणि त्याचे अनुयायी हा सण धर्मविधी म्हणून करतात. बाकीच्या घरांत तो घरची चालत आलेली रीत म्हणून होतो.

लाटवियात शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लग्न होऊन आलेल्या मराठी मंडळींनी या रात्रीचे आपले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. रीगातील नदीकाठच्या जाहीर कार्यक्रमाविषयी पुष्कळ लिहिले जाते, त्यामुळे शक्यतो एखाद्या घरचे पाहुणे म्हणून गेला असाल, तेव्हाचे सांगावे.

वैद्यकीय विद्यार्थिनी, रीगा

माझ्या वर्गमैत्रिणीच्या आजीचे शेत त्सेसिसच्या पलीकडे आहे. निघण्यापूर्वी आम्ही रीगाच्या डोम चौकात भरणाऱ्या बाजारात गेलो होतो. तेथे गवताच्या, वेखंडाच्या पानांच्या आणि रानफुलांच्या जुड्या, ओकच्या पानांचे तयार मुकुट आणि चीजचे गोल गड्डे मांडलेले होते. मी एक मुकुट विकत घेणार तोच मैत्रिणीने हात धरला, कारण विकतचा मुकुट घालून आजीपुढे उभे राहणे तिला पटणारे नव्हते.

शेतावर पोहोचताच आम्हां मुलींना गवतात पिटाळण्यात आले. डेझी, निळी कॉर्नफ्लॉवर, क्लोव्हर आणि पिवळसर फुलांचे एक सुवासिक गवत एवढे गोळा करून आम्ही पायरीवर बसलो. तीन देठांचा पाया धरायचा, नवे फूल आडवे ठेवून त्याचा देठ पायाभोवती एकदा गुंडाळायचा आणि मग तो पायातच मिसळून टाकायचा, की पुढच्या फुलाला आधार मिळतो. ज्या बाईने गजरे गुंफलेले आहेत तिच्या बोटांना हे लवकर जमते. पुरुषांसाठी मात्र ओकच्या पानांचाच मुकुट करतात, आणि तो इतका जड होतो की थोड्याच वेळात कपाळावर लाल वळ उठतात. घरातील प्रत्येकाला मुकुट मिळाला, गोठ्यातील एकुलत्या एका गाईलाही मिळाला, आणि तिने तो मान वळवून खाऊन टाकला. मागच्या वर्षीचे वाळलेले मुकुट गोठ्याच्या भिंतीवर टांगलेले होते. ते रात्री शेकोटीत टाकायचे असतात.

लाटवियन घरातील मराठी सून, वाल्मिएरा परिसर

आमच्याकडे या दिवसाचा खरा उद्योग चीजपासून सुरू होतो, आणि ते करण्याचा मान घरच्या मालकिणीचा असतो, जसा बियरचा मान घरधन्याचा. सासूबाई मोठ्या पातेल्यात दूध तापवतात, त्यात घट्ट दह्यासारखे बिएझपिएन्स घालतात आणि पिवळसर निवळी वेगळी होईपर्यंत हलक्या हाताने ढवळत राहतात. चोथा फडक्यात गाळून घेतला, की तो पुन्हा पातेल्यात घालून त्यात लोणी, फेटलेली अंडी, मीठ आणि शहाजिऱ्याच्या कुळातील कॅरवेचे दाणे मिसळायचे, मंद आचेवर गोळा चकाकेपर्यंत घोटायचे आणि फडक्याच्या चारही टोकांना घट्ट गाठ मारून वर वजन ठेवायचे. सकाळी फडके सोडले, की चीजच्या पाठीवर गाठीच्या चुण्या सूर्यकिरणांसारख्या उमटलेल्या असतात. घरचे लोक चीज गोल असण्याचा संबंध सूर्याशीच लावतात.

माझी आई सांगलीहून आली होती तेव्हा अंड्याचा प्रश्न उभा राहिला. सासूबाईंनी काही न बोलता अंडी घालण्यापूर्वी चोथ्याचा एक भाग बाजूला काढला आणि त्यात फक्त लोणी, मीठ व कॅरवे घातले. ते नीट बांधले गेले नाही, भुगाच राहिले. पण आईने ते उकडलेल्या नव्या बटाट्यांवर घालून आवडीने खाल्ले. पीरागी नावाचे छोटे भरलेले पाव दिसायला निरुपद्रवी असतात, परंतु आत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे आणि कांदा असतो, हे शाकाहारी पाहुण्यांना वेळीच सांगून ठेवावे.

संगणक अभियंता, रीगा

जेवण चांगलेच असते, पण मला विचाराल तर ही रात्र गाण्यांची आहे. संध्याकाळी पाहुणे हातात पाने-फुले घेऊन गातच अंगणात शिरतात आणि यजमानही गाण्यातूनच उत्तर देतात. प्रत्येक ओळीनंतर ‘लीगो, लीगो’ असे पालुपद येते, त्यामुळे भाषा न येणाऱ्यालाही सूर धरता येतो. क्रिश्यानिस बारोन्स यांनी 1894 ते 1915 या काळात लाटवियन लोकगीतांचा जो प्रचंड संग्रह प्रकाशित केला, त्यात सुमारे 2 लाख 18 हजार गीते आहेत. त्यांची हस्तलिखिते ज्या कपाटात ठेवलेली होती ते कपाट 2001 साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाले. एवढे भांडार असल्यावर रात्र अपुरी पडली तर नवल नाही.

थोडी बियर पोटात गेल्यावर दोन गट पडतात आणि एकमेकांची उणीदुणी काढणारी गाणी सुरू होतात. यजमानाची बियर पाण्यासारखी आहे, पाहुणे हावरे आहेत, अमक्याचे शेत तणाने भरले आहे, असे सगळे तोंडावर म्हटले जाते आणि कोणी रागवायचे नसते. माझ्या पत्नीला तिच्या आजीकडून विहिणीची गाणी मिळालेली आहेत. आमच्यावर एक कडवे आले तेव्हा तिने उठून व्याह्यांच्या कंजूषपणावरचे एक गाणे मराठीत म्हटले. अर्थ कोणाला कळला नाही, पण रोख मात्र सगळ्यांना कळला, आणि पलीकडच्या गटाने ताबडतोब उत्तर रचले.

त्याच रात्री यजमानांच्या वृद्ध काकांनी सांगितले, की सोव्हिएत काळात, विशेषतः 1960च्या आसपास, या सणाकडे राष्ट्रवादाचे लक्षण म्हणून संशयाने पाहिले जाई आणि सुट्टीही नव्हती. तरी त्यांच्या गावच्या टेकडीवर शेकोटी पेटत असे, आणि दुसऱ्या दिवशी सगळे झोपाळू डोळ्यांनी कामावर हजर होत. टेकडीवरच ती का पेटवायची, तर उजेड जिथवर पोहोचतो तिथवरची शेते पिकतात अशी समजूत आहे. काही ठिकाणी उंच खांबाच्या टोकाला पिंप बांधून त्यात डांबर पेटवतात, तेही याच हेतूने.

तक्रारखोर पाहुणा, येल्गावा

सगळे गोड लिहीत आहेत म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. या रात्री पाऊस पडतो, ही येथील लोकांची जवळजवळ श्रद्धाच आहे, आणि आम्ही गेलो तेव्हा तो पडलाच. ओल्या गवतात बसून, आखडलेल्या बोटांनी बटाटे सोलून खाण्यात कोणते सूर्यपूजन आहे, हे मला पहाटेपर्यंत उमगले नाही. झोपायला गेलो तर ‘आज झोपलास तर सगळा उन्हाळा झोपशील’ असे म्हणून पुन्हा बाहेर ओढण्यात आले. डासांचा त्रास आहेच, पण खरी काळजी गोचिडांची घ्यावी, कारण येथे त्यांच्या चाव्यातून मेंदूज्वर होऊ शकतो. नियमित रानात जाणाऱ्यांनी त्याची लस घेतलेली बरी, पायमोजे पँटवर ओढून घ्यावेत आणि घरी आल्यावर अंग नीट तपासावे.

स्टॉकहोमहून

स्वीडनमधील मिडसोमर हा याच दिवसांतला सण यापेक्षा बराच वेगळा आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. येथे मुख्य दिवस नेहमी शुक्रवारी येतो, 19 ते 25 जूनच्या दरम्यान. पानाफुलांनी मढवलेला खांब दुपारी उभारतात, त्याभोवती बेडकाच्या उड्या मारत नाचतात आणि मग हेरिंग मासा, शेपू घातलेले नवे बटाटे व स्ट्रॉबेरी असे लांबलचक जेवण होते. शेकोटी मात्र नसते. ती येथे 30 एप्रिलला वाल्बोर्गच्या रात्री पेटवतात. लाटवियात राहिलेल्या माझ्या भावाला त्यामुळे येथील सण अर्धवट वाटला.

संशोधक, रीगा

वर विचारले गेले नसले तरी अनेकांच्या मनात असेल, की आमंत्रण नसल्यास काय करावे. युग्ला सरोवराकाठचे खुले लोकसंग्रहालय किंवा सिगुल्डाजवळचा तुराइडाचा किल्ला व संग्रहालय पाहावे. या दिवसांतील तेथील कार्यक्रम आधी तपासून घ्यावेत. आमंत्रण असेल तर रिकाम्या हाताने जाऊ नये. मी धणे-जिरे घातलेली थालीपिठे डब्यात नेली होती आणि ती पीरागींच्या आधी संपली. नंतर मी शेकोटीच्या निखाऱ्यांत वांगी भाजू लागलो, तेव्हा यजमानीणबाईंनी शांतपणे मला बाजूच्या लोखंडी शेगडीकडे वळवले. मधली आग सूर्य उगवेपर्यंत जागती ठेवायची आणि तिच्यावरून उड्या मारायच्या, तिच्यावर स्वयंपाक करायचा नाही, असा त्यांच्या घरचा नियम होता. साडेचारच्या सुमारास सूर्य वर आला, तेव्हा शेगडीवरच्या वांग्यांचे भरीत कच्च्या कांद्यासह तयार होते. ते काळ्या राय पावाबरोबर फार छान लागते. फक्त हिरव्या मिरच्या रीगाहूनच न्याव्यात, गावात त्या मिळतीलच असे नाही.