पुनर्विकासासाठी ६ महिन्यांची नोटीस: भाडेकरारात काय बदलून घ्यावं?

प्रश्न
ऑफिसच्या जागेसाठी ९ वर्षांच्या कराराचा मसुदा आला आहे. भाडेकरूला पहिली ३ वर्षं लॉक-इन आहे, म्हणजे त्या काळात करार सोडता येत नाही. मालक मात्र 'पुनर्विकासासाठी' ६ महिन्यांची नोटीस देऊन कधीही करार संपवू शकतो. 'जागा मूळ स्थितीत परत द्यावी' असंही एक वाक्य आहे. वायरिंग, पार्टिशन, एसी हा सगळा खर्च भाडेकरूचा. इमारत बँकेकडे गहाण आहे. सहीआधी काय काय बदलून घ्यावं?

मसुदाकार
लॉक-इन एकतर्फी आहे, आधी ते दुरुस्त करा. दुसऱ्या महिन्यात नोटीस आली तर आठव्या महिन्यात बाहेर पडावं लागेल आणि अंतर्गत कामाचा जवळजवळ सगळा खर्च बुडेल. पहिली ३ वर्षं मालकालाही नोटीस देता येऊ नये.

'पुनर्विकास' म्हणजे काय, तेही लिहून घ्या. इमारत खरोखर पाडायची असेल आणि पाडकामाच्या व बांधकामाच्या परवानगीची प्रत जोडली असेल, तरच नोटीस वैध धरावी. नाहीतर जास्त भाडं देणारा कोणी मिळाला की हेच कलम पुढे येतं.

भरपाईचं सूत्र करारातच हवं. बिलांनुसार झालेला खर्च ९ वर्षांवर समान विभागायचा. चौथ्या वर्षाअखेर बाहेर काढलं तर ५/९ परत. अनामत रक्कम तुम्ही किल्ल्या द्याल त्याच दिवशी परत. 'नव्या इमारतीत प्राधान्य देऊ' एवढ्यावर विसंबू नका. कार्पेट क्षेत्रफळ, मजला, भाडं ठरवायची पद्धत आणि ताब्याची मुदत लिहिलेली नसेल, तर त्या वाक्याच्या जोरावर काहीच मागता येत नाही.

ताबापावती
'मूळ स्थिती' म्हणजे कोणती? मोकळा गाळा, की ताबा मिळाला तेव्हाची जागा? आधीच्या भाडेकरूची पार्टिशन तशीच असतील, तर ती काढायचा खर्चही तुमच्याच माथी येऊ शकतो. ताब्याच्या दिवशी तारखेसह फोटो घ्या, मंजूर वीजभार, मीटर रीडिंग, फरशी, गळती यांची यादी करा, दोघांच्या सह्या घ्या आणि ती कराराला जोडा. नेहमीच्या वापराची झीज आणि स्लॅब, बीम, बाहेरच्या भिंती 'मूळ स्थिती'च्या अटीतून वगळून घ्या. आणि पाडकामासाठी जागा सोडत असाल, तर ही अटच रद्द व्हावी. पाडायच्या भिंतीला रंग कशाला द्यायचा?

विकासकाची बाजू
वरचं बरोबर आहे, पण मालकालाही ठरल्या तारखेला रिकामी जागा हवी असते. एक गाळा अडला तरी सगळं पाडकाम थांबतं आणि कर्जाचं व्याज चालूच राहतं. म्हणून भरपाईला कमाल मर्यादा, जागा सोडायला उशीर झाल्यास भाडेकरूकडून दिवसाला ठरलेली रक्कम, आणि सगळ्या भाडेकरूंच्या नोटिशी एकाच तारखेला संपतील अशी रचना ठेवावी. सूत्र स्पष्ट असलं की मालकालाही सोपं जातं, कारण खर्च आधीच प्रकल्पाच्या हिशेबात धरता येतो.

मसुदाकार
गहाणाचं राहिलं. करार गहाणानंतरचा आहे, त्यामुळे कर्ज थकून बँकेने इमारत विकली तर तो नव्या मालकाला बंधनकारक राहीलच असं नाही. बँकेची लेखी संमती घ्या आणि 'भाडं नियमित असेपर्यंत ताबा कायम' हे वाक्य त्यात असू द्या. हे पत्र हातात येईपर्यंत अनामत देऊ नका.