मदत हवी आहे: ब्रेसेसच्या दुखण्यावर लेझर घ्यावं का?

मुलीच्या ब्रेसेसची तार घट्ट केली की दुसऱ्या दिवशी ठणका इतका वाढतो की मऊ घासही चावता येत नाही. आयबुप्रोफेन हे दुखण्यावरचं औषध वरचेवर नको, कारण ते प्रोस्टाग्लँडिन (दुखणं आणि सूज आणणारं शरीरातलं रसायन) रोखतं आणि दात सरकायला नेमकं तेच लागतं. म्हणून डॉक्टर लो-लेव्हल लेझर सुचवताहेत. साधारण ६०० ते १००० नॅनोमीटरचा प्रकाश, हिरडी कापत नाही की भाजत नाही. (लेझर म्हटल्यावर लेकीने आधी तोंडच मिटलं!)

दुखणं कमी होईल हे पटतं. पण लेझरमुळे दात लवकर सरकून ब्रेसेस आधी निघतील, या दाव्यावर माझा विश्वास बसत नाही.

कुणी घेतलंय का? तार घट्ट केली त्याच दिवशी एकदा पुरलं, की पुन्हा जावं लागलं? डॉक्टरांना ज्यूलचा डोस (म्हणजे लेझरची किती ऊर्जा देणार) विचारावा का?