नौपाड्यातल्या जुन्या फ्लॅटचं वायरिंग घरीच करावं का? सल्ला हवा

नौपाडेकर:
मंडळी, आमची इमारत १९७८ सालची आणि वायरिंगही तेव्हाचंच. लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरी, काळे गोल स्विच, चिनी मातीचे जुने किटकॅट फ्यूज. पावसाळ्याआधी सगळं नवं करायचंय. दीड टनाचा एसी आणि गीझरही घ्यायचाय. पंखे, स्विच मी नेहमी घरीच बदलतो. मग पूर्ण वायरिंग स्वतः करावं का? वायर कितीची घ्यावी? आईला हल्ली फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून घाई आहे.

जुना वायरमन:
वायरिंगचं नंतर बघू. फ्रिजचा प्लग आत्ता काढा आणि आईंना हात लावू देऊ नका.

मग मेन बंद करून त्या सॉकेटची प्लेट उघडा. वरच्या जाड भोकाला, म्हणजे अर्थला, गळलेली वीज जमिनीत नेणारी वायर आहे का बघा. जुन्या घरांत एकतर ती नसतेच, नाहीतर कोणीतरी न्यूट्रलवरून (वीज परत नेणाऱ्या वायरवरून) छोटा तुकडा अर्थच्या पिनेला जोडलेला असतो. हा दुसरा प्रकार फार वाईट. मागे कुठे न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात.

अजून एक बघा. जुन्या बोर्डांत फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल दोन्हींना किटकॅट असायचे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा बंद, पण बोर्डात फेज हजर. दिवा विझला म्हणून हात घालू नका, टेस्टर लावा. मेन बंद केला तरी मीटरकडून येणारी वायर चालूच असते, तिथे तर जाऊच नका.

आता तुमचा प्रश्न. बल्ब, पंखा, स्विच, फ्यूज बदलणं नियमाने चालतं. त्यापलीकडचं काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं असतं. त्याचा टेस्ट रिपोर्ट महावितरणकडे लोड (मंजूर वीजभार) वाढवतानाही लागतो, आणि एसी-गीझर आल्यावर लोड वाढवावा लागेलच. पॉइंट कुठे हवेत ते भिंतीवर खडूने आखणं आणि सामान आणणं तुम्ही करा. जोडण्या आणि डीबी, म्हणजे सगळ्या लाइनी जिथून निघतात ती पेटी, त्याच्याकडे.

वायर तांब्याचीच, आयएसआय मार्कची. दिवे-पंख्यांना १.५ स्क्वेअर एमएम, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५, एसी आणि गीझरला प्रत्येकी ४ ची वेगळी लाइन. जुन्या ॲल्युमिनियमला नवं तांबं पिळून जोडायचं नाही. तो सांधा सैल पडतो, तापतो आणि एक दिवस जळतो.

नेरूळकरीण:
आमचं सिडकोचं जुनं घर, गेल्या वर्षी हेच काम काढलं होतं. दोन गोष्टी सांगते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज बाहेर गळताच पुरवठा तोडणारा स्विच, घ्याच. एमसीबी (फ्यूजच्या जागी येणारा, आपोआप पडणारा स्विच) फक्त ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडतो, माणसाला शॉक बसला तर पडत नाही. आमच्याकडे आरसीसीबी लावला आणि बेडरूमचा दिवा लावताच तो पडायचा. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "काढून टाका, जुन्या घरात चालत नाही." दुसऱ्याला बोलावलं, त्याने शोधून काढलं: बेडरूमच्या दिव्याचा न्यूट्रल स्वयंपाकघरातल्या, आरसीसीबीबाहेरच्या जुन्या लाइनला जोडलेला होता. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल त्याचा त्याचा ठेवायला आधीच बजावा.

दुसरं, भिंतीत कोरलेल्या झिरीत वायरीचे पाइप बसले की प्लास्टर करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे खिळा ठोकताना फार उपयोग होतो.

नौपाडेकर:
काका, ताई, मनापासून आभार. प्लेटा उघडल्या. फ्रिजच्या सॉकेटला अर्थची वायरच नाही, आणि मिक्सरच्या सॉकेटला न्यूट्रलवरून तुकडा! दोन्ही वापरणं बंद केलंय. पूर्ण वायरिंग स्वतः करायचा विचार सोडला. पण इमारतीचं अर्थिंगच मेलं असेल तर?

जुना वायरमन:
तीच शंका मलाही आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून मीटररूममधलं अर्थिंग कॉन्ट्रॅक्टरकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. खराब निघालं तर नवा अर्थ पिट (अर्थिंगचा जमिनीतला खड्डा) सोसायटीने करायचा, सगळ्यांच्याच जिवाचा प्रश्न आहे. तोवर डीबीत आरसीसीबी बसवून घ्या. अर्थ नसतानाही अंगातून वीज जमिनीत जाताच तो पडतो. अर्थ असेल तर मात्र कोणी हात लावायच्या आधीच पडतो, म्हणून दोन्ही हवेत. आणि काम संपल्यावर, प्लास्टरआधी, मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून तपासून घ्या. आकडा तुमच्यासमोर एक मेगओहमच्या वर दिसला पाहिजे, त्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

पाचपाखाडी४२:
भिंती लोडबेअरिंग (इमारतीचा भार पेलणाऱ्या) असतील तर आडव्या लांब झिऱ्या मारू देऊ नका, उभ्याच मारा. आरसीसीच्या बीम-कॉलमला छिन्नी लावायची नाही. तिथे वरून केसिंग पट्टी (वायर झाकणारी पट्टी) करा.