मदत हवी आहे: बजाऊ-सामा दस्तार (डोक्याला बांधायचा विणलेला चौकोनी कपडा) न कापता डोक्यावर कसा टिकवायचा?

क्वालालंपूरकर: मुलाच्या (वय 11) शाळेत 16 सप्टेंबरच्या मलेशिया दिनाला वेशभूषा आहे. त्याला मलेशियाच्या साबा राज्यातल्या कोटा बेलूदचा बजाऊ जमातीचा घोडेस्वार व्हायचंय. हातमागाचा दस्तार मिळालाय, 90 सेंमी चौरस, काळ्यावर लाल-पिवळी नक्षी. पण बांधला की वर सरकतो, टोक लोळतं. शिंपी म्हणतो कापून टोपी शिवू. शिवावी का?

सुईदोरा: कृपया कापू नका! कात्री लागली की नक्षीचे धागे कडेपासून सुटत जातात, शिवण घालूनही निसटतात. कोटा बेलूदच्या बजाऊ आणि इरानून या जमातींच्या बायका हा चौकोन विणतात तो घडी घालून बांधण्यासाठीच. नावही फारसीतलंच, दस्तार म्हणजे पागोटं.

कापड पुरेल. 90 च्या चौकोनाचा कर्ण 127 सेंमी. डोक्याचा घेर 54 धरला तरी गाठीला दोन्हीकडे 36-36 उरतात. तिरका दुमडून त्रिकोण करा. लांब कडेला 4 सेंमीच्या दोन घट्ट घड्या घाला, आत 4 सेंमी रुंद बकरमची (कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाची) पट्टी नुसती सरकवा, शिवू नका. घडी भुवयांच्या दोन बोटं वर ठेवा, टोकं मागे न्या. सरकतो तो गाठीमुळे: डोक्यामागच्या उंचवट्यावर मारली तर ती वर चढणारच. उंचवट्याच्या खाली मारा. त्या दिवशी केसांना तेल नको. मागचं टोक गाठीखालून ओढून वर घ्या, आत बकरमचा छोटा त्रिकोण घाला, म्हणजे उभं राहील.

रिठा: सेफ्टी पिन आणि वेल्क्रो दोन्ही टाळा, नक्षीचा धागा ओढला जातो आणि कापड तिथे आवळतं. बारीक सुईने दोन कच्चे टाके पुरेत.

क्वालालंपूरकर: गाठ खाली घेतली, आता हलत नाही. कार्यक्रमानंतर धुवायचा कसा?

रिठा: आधी लाल धाग्यावर ओला पांढरा सुती कपडा पाच मिनिटं दाबून धरा. रंग लागला तर धुवू नका, सावलीत वाऱ्यावर टाका. नाही लागला तर गार पाण्यात रिठ्याचं पाणी, दोन मिनिटं बुडवून काढा. पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबा, आडवा पसरून वाळवा, उलट्या बाजूने मलमल ठेवून इस्त्री. जरीचा धागा असेल तर पाणीच नको, आणि कपाटात डांबराच्या गोळ्या त्याला लागू देऊ नका, जरीचा धागा काळा पडतो.

सुईदोरा: घडीवर ठेवू नका, त्याच रेषेवर विरतो. पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल घालून गुंडाळा.