सोल्डरिंगपासून वटवाघळांपर्यंत

"सोल्डरिंगच्या छंदातून खोलीभर पसारा सोडून काय मिळतं?" असं लोक विचारतात, त्यावर माझी थोडी भर. पसारा होतोच, नाकारत नाही. पण मी गंमत म्हणून वटवाघळांच्या हाका ऐकवणारं हेटरोडाइन सर्किट जोडलं आणि त्यापायी वटवाघळांच्या गणनेत स्वयंसेवक म्हणून कधी ओढला गेलो ते कळलंच नाही.

माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच (सेकंदाला २० हजार कंपनं) ऐकू येतं. बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांच्या हाका त्याच्या वर असतात. हे सर्किट त्या हाकेत डायलवर लावलेली दुसरी वारंवारता मिसळतं आणि दोन्हींतला फरक आपल्याला ऐकवतं. हाक ४५ किलोहर्ट्झची, डायल ४३ वर, की २ किलोहर्ट्झची टकटक सुरू! पहिल्यांदा ऐकली तेव्हा अर्धा तास अंधारात नुसता उभा होतो.

गणनेला मात्र नुसतं ऐकून भागत नाही, नोंद लागते. तिथे ऑडिओमॉथसारखं आवाज नोंदवणारं छोटं यंत्र बरं: सेकंदाला आवाजाचे ३,८४,००० पर्यंत नमुने घेतं आणि एका कंपनाला किमान दोन नमुने लागतात, म्हणजे १९२ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज टिपता येतात. माझं काम आता बॅटऱ्या बदलणं आणि यंत्रात पावसाचं पाणी शिरू न देणं. प्रजाती ओळखणं जाणकारांवर सोडतो; दोनदा तोंडघशी पडलोय.