सोमवारपेक्षा बुधवार वाईट
सोमवारची सकाळ सर्वांत त्रासदायक, हे मला पटत नाही. सोमवारी निदान रविवारच्या मटणाचा रस्सा डब्यात असतो. खरा कंटाळा बुधवारचा. इस्त्रीचे कपडे संपलेले, भाजी संपलेली आणि शनिवार अजून लांब.

डोंबिवलीहून लोकलने मुंबईला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. चौथी सीट (तिघांच्या बाकावर कडेला चौथ्याने टेकायची जागा) मिळाली तरी ती बसण्याची सोय नव्हे, अर्ध्या मांडीचा व्यायाम. त्यात दादरला डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले; आधी पश्चिम रेल्वेसारखाच तिथेही एक नंबर होता. आता प्रत्येक फलाटाचा क्रमांक वेगळा असल्यामुळे नवख्यांचा गोंधळ कमी होतो, हे मान्य. पण जुनी माणसं अजून फोनवर "एक नंबरला ये" म्हणतात आणि समोरचा थेट पश्चिम रेल्वेवर जाऊन उभा राहतो.

सुखं म्हणाल तर संध्याकाळची. "कुठे उतरणार?" असं विचारल्यावर खिडकीतल्या माणसाने "ठाणे" म्हणावं आणि त्याची जागा आपल्याला मिळावी, यासारखा आनंद पगाराच्या दिवशीही होत नाही. (ठाण्याच्याही आधीचं मुलुंड म्हणाला तर आणखीच भारी.) ठाणं सुटलं की कळव्याआधी खाडीचा वारा लागतो, तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा "उद्या लवकर भेटू" येतो. मी तो डोंबिवली येईपर्यंत उघडत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लोकलच्या डब्यात तोरणं लावून पूजा होते, पेढे वाटतात. त्या दिवशी मात्र चौथी सीटही चालते.