पूर्णवेळ आरव्हीत राहणाऱ्यांना कॉस्टको-सॅम्सचं सभासदत्व परवडतं का?

चाकांवरचं_बिऱ्हाड

गेल्या वर्षी मार्चमध्ये न्यू जर्सीतलं घर विकून आम्ही दोघं २८ फुटी मोटरहोममध्ये (आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर) राहायला आलो. मागे एक छोटी गाडी ओढत नेतो. पुढच्या महिन्यात कॉस्टकोच्या सभासदत्वाचं नूतनीकरण आहे (कॉस्टको आणि सॅम्स, दोन्ही वर्षाची फी भरून ठोक माल घ्यायची दुकानं) आणि त्यावरून घरात (म्हणजे गाडीत) रोज चर्चा चालू आहे. ह्यांचं म्हणणं, "ठेवायला जागा नाही, मग ठोक माल विकणाऱ्या दुकानाचं कार्ड कशाला?" माझं म्हणणं, ठेवू या.

घरात होतो तेव्हा वर्षाला सहा-सात हजार डॉलरची खरेदी व्हायची, म्हणून १३० डॉलरचं एक्झिक्युटिव्ह, म्हणजे खरेदीवर दोन टक्के परत देणारं कार्ड होतं. ते तसंच चालू राहिलं. परवा वर्षाचा हिशेब काढला तर एकूण खरेदी १,९०० च्या आसपास. त्यावर दोन टक्के म्हणजे ३८ डॉलर. साध्या ६५ च्या कार्डापेक्षा जे जास्तीचे ६५ भरतो, तेवढे परत मिळवायला वर्षाला ३,२५० ची खरेदी लागते, आणि पेट्रोलवर हे दोन टक्के धरत नाहीत. तेव्हा १३० चं सोडायचं यावर आमचं एकमत झालं आहे. प्रश्न ६५ चा आहे.

मला ते हवंय, कारण प्रवासात आमचं ओळखीचं काही उरलेलं नाही. दर तीन आठवड्यांनी नवं गाव, नवं दुकान. कॉस्टकोत मात्र, टूसानला असो की बोझमनला, आत शिरल्यावर लोणी कुठे आणि अंडी कुठे हे विचारावं लागत नाही. मीठ नसलेल्या लोण्याचा चार पौंडांचा खोका आणून मी तूप कढवते. दोन पौंड लगेच कढवायचं, दोन फ्रीजरमध्ये. बाहेर टेबल टाकून कढवलं की आजूबाजूचे शेजारी वास घेत येतात. तुमचा अनुभव काय?

व्हॅनवासी

ताई, तुपाचं सगळं पटलं, पण निष्कर्ष नाही पटला.

मी चार वर्षं एकटा व्हॅनमध्ये राहतो, नोकरी लॅपटॉपवर. फ्रिज ८५ लिटरचा. पहिली दोन वर्षं कार्ड होतं. कणसं, पालक, मशरूम, जे घेतलं त्यातलं निम्मं टाकलं. पौंडामागे दर कमी होता, पण पोटात गेलेल्या पौंडामागे काढला तर साध्या दुकानापेक्षा जास्त पडला. ती चूक माझीच, पण एकट्या माणसाकडून ती होणारच.

दुसरं म्हणजे वजन. गाडीने किती भार घ्यायचा ते ठरलेलं असतं. माझ्या टाकीत २० गॅलन पाणी मावतं, म्हणजे १६७ पौंड झाले. त्यात बॅटऱ्या, सायकल, पुस्तकं. वर २० पौंडांचा बासमती, पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा आणि तेलाचा कॅन चढवला की दरवाजावरच्या पाटीवर लिहिलेला आकडा जवळ येतो.

तिसरं, आपण जिथे राहायला निघालो तिथे ही दुकानं असतात का? अख्ख्या वायोमिंगमध्ये कॉस्टको नाही. यलोस्टोन आणि ग्रँड टीटनसाठी महिनाभर राहिलात तरी कार्ड खिशातच. मोआबमध्ये कॉस्टकोही नाही, सॅम्सही नाही. क्वार्ट्झसाइटला हिवाळ्यात हजारो आरव्ही येतात, तिथेही नाही. मोआबमध्ये जे आहे ते सिटी मार्केट, आणि ते क्रोगर या किराणा साखळीचं आहे. फ्राइज, स्मिथ्स, किंग सूपर्स, फ्रेड मायर ही सगळी एकाच घरातली भावंडं. कार्ड फुकट. खरेदीवर जमलेल्या शंभर पॉइंटला इंधनाच्या गॅलनमागे १० सेंट सवलत, हजार पॉइंटला पूर्ण एक डॉलर, तेही एका वेळी ३५ गॅलनपर्यंत. मोटरहोमच्या टाकीला ही सवलत लावली तर एका भरण्यात ३५ डॉलर वाचतात. तुमचं अर्धं सभासदत्व एका दिवसात निघालं, आणि फी शून्य.

फिफ्थव्हील_दादा

व्हॅनवासीचा क्रोगरचा मुद्दा अगदी बरोबर. फक्त एवढं सांगतो की ते पॉइंट महिना संपला की पुढच्या महिन्याच्या शेवटी जातात. हजार पॉइंट म्हणजे हजार डॉलरचा किराणा, आणि एकटा माणूस महिन्याला तेवढा घेत नाही. त्यामुळे तो पूर्ण डॉलर वर्षातून एकदोनदाच हाती लागतो.

आमचं ३४ फुटी फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकमागे जोडून ओढायचं घर, आणि पुढे डिझेल ट्रक. इंधनासाठी म्हणाल तर आमच्यासारख्यांना कॉस्टकोचा उपयोग फारसा नाही. डिझेल मोजक्याच पंपांवर मिळतं, आणि मागे घर जोडलेलं असताना त्या रांगांमध्ये शिरायचंच नसतं. आम्ही डिझेल मोठ्या ट्रक थांब्यांवरच भरतो, टीएसडी किंवा ओपन रोड्ससारख्या सवलतीच्या कार्डावर.

तरी मी कार्ड सोडत नाही, आणि ते टायरसाठी. ट्रकचे चारही टायर टूसानला घेतले. नंतर मोंटानात मिझूलाजवळ एका टायरात स्क्रू घुसला. तिथल्या कॉस्टकोत गेलो, नोंद कार्डावर होतीच, पंक्चर काढून दिलं, एक पैसा लागला नाही. टायर फिरवणं, बॅलन्सिंग, हवा हे सगळं त्या टायरांच्या आयुष्यभर देशात कुठेही. घर एका जागी असतं तर गल्लीतला टायरवाला ओळखीचा असता आणि त्याने आपलं काम केलं असतं. आपल्याला गल्लीच नाही.

व्हॅनवासी

दादा, टायरांच्या साखळ्या दुसऱ्याही आहेत. डिस्काउंट टायर बऱ्याच राज्यांत आहे आणि तिथे सभासदत्वाची फी नाही. स्क्रू काढायला ६५ डॉलर वर्षाला भरायचे हे गणित मला बसत नाही.

हिशेबाची_वही

आकड्यांत बोलू या, नाहीतर ही चर्चा संपणार नाही.

समजा साधी पेट्रोल व्हॅन, गॅलनला १६ मैल, वर्षाला १२,००० मैल. म्हणजे ७५० गॅलन. आडगावी फिरणारा माणूस त्यातलं तिसरा हिस्सा कॉस्टकोत भरेल, म्हणजे २५० गॅलन. गॅलनमागे २५ सेंट वाचले असं धरा (कधी १० असतात, कॅलिफोर्नियात कधी त्याहून बरेच जास्त). होतात ६२ डॉलर ५० सेंट. फी जवळजवळ भरून निघाली, आणि अजून दुकानात पाऊलही ठेवलेलं नाही.

पण वाट वाकडी केली की गणित उलटतं. दहा मैल जाऊन दहा मैल परत आलात तर सव्वा गॅलन जळलं, म्हणजे चारेक डॉलर. वीस गॅलन भरून वाचवले पाच. म्हणून वाटेवर असेल तर थांबायचं, नसेल तर नाही. गाडी ओढत नेणाऱ्यांना एक फायदा आहे, मोटरहोम कॅम्पग्राउंडवर ठेवून छोटी गाडी घेऊन जाता येतं. पण छोट्या गाडीच्या टाकीत मावतं किती? दहा-बारा गॅलन.

प्रोपेनकडे मात्र कोणी लक्ष दिलेलं दिसत नाही. काही कॉस्टकोत टाकी भरून मिळते. दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातली बदलून मिळणारी २० पौंडी टाकी बहुतेक वेळा १५ पौंडच भरलेली असते, आणि आपली टाकी परत देताना तळाशी उरलेला गॅस फुकट जातो. भरून घेतली तर जेवढं मावलं तेवढ्याचेच पैसे. थंडीत हीटर प्रोपेनवर चालवणाऱ्यांनी हे नक्की पाहावं.

अलकाकाकू_फ्लोरिडा

मी वयाने तुम्हा सगळ्यांत मोठी असेन, म्हणून थोडं वेगळं लिहिते. आम्ही सहा वर्षं फिरतोय. मला रक्तदाबाची आणि साखरेची गोळी कायमची.

कॉस्टकोच्या फार्मसीतून औषध घ्यायला सभासद असावं लागत नाही. दारावर फार्मसीला जायचंय म्हटलं की सोडतात. तेव्हा "औषधांसाठी कार्ड हवं" असं जे म्हणतात त्यांनी हे आधी जाणून घ्यावं. ज्यांच्या विम्यात औषधं बसत नाहीत त्यांच्यासाठी सभासदांची वेगळी सवलत योजना आहे, तेवढ्यापुरतं कार्ड लागतं. वयाच्या पासष्टीआधी नोकरी सोडून निघालेल्यांनी, म्हणजे ज्यांचा मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) सुरू झालेला नाही त्यांनी, आपली औषधं त्या यादीत आहेत का ते बघावं.

कार्डाचा खरा फायदा मला वस्तू परत करताना कळला. फिरतीवर पावत्या राहत नाहीत. इथे पावती लागत नाही, खरेदीची नोंद कार्डावर असते. एका राज्यात घेतलेली वस्तू दुसऱ्या राज्यात परत करता येते. फक्त टीव्ही, कॉम्प्युटर वगैरेला ९० दिवसांची मुदत आहे. आमचा छोटा व्हॅक्युम जॉर्जियात घेतला होता, टेनेसीत परत केला. दुसऱ्या कुठल्या दुकानात मी पावती शोधत बसले असते आणि तोवर आम्ही पुढच्या राज्यात गेलो असतो.

रस्त्यावरचा_पाहुणा

मग सोपं आहे की! कॉस्टको समाधान झालं नाही तर सभासदत्वाची पूर्ण फी केव्हाही परत देतं. वर्षभर वापरायचं, शेवटी रद्द करून पैसे घ्यायचे, दोन महिन्यांनी परत सभासद.

अलकाकाकू_फ्लोरिडा

असं करू नका हो. ती सोय ज्याला खरंच उपयोग झाला नाही त्याच्यासाठी आहे. व्हॅनवासींनी दोन वर्षांनंतर फी मागितली असती तर तो त्यांचा हक्क होता, कारण त्यांचा माल वाया गेला. तुम्ही वर्षभर पेट्रोल भरणार, टायर बदलणार आणि मग समाधान झालं नाही म्हणणार, हे खोटं बोलणं आहे. आपण परदेशात राहणारी माणसं, आपल्या वागण्यावरून मागून येणाऱ्यांना तोलतात.

फिफ्थव्हील_दादा

काकूंशी शंभर टक्के सहमत.

नागपूरकर_टेक्सास

सगळे कॉस्टकोवरच अडलेत. सॅम्सकडे बघा. साधं कार्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये ५० डॉलर झालं. कॉस्टकोत अमेरिकेत क्रेडिट कार्ड फक्त व्हिसा चालतं, इथे बाकीचीही चालतात. फोनवर स्कॅन करत जायचं आणि रांगेत न थांबता बाहेर पडायचं. आणि भटक्यांच्या दृष्टीने जागा जास्त सोयीच्या आहेत. फ्लॅगस्टाफला सॅम्स आहे, कॉस्टको नाही. रॅपिड सिटीला तसंच. ग्रँड कॅन्यन आणि माउंट रशमोर या दोन्ही ठिकाणी जाताना सामान कुठे भरणार ते सांगा.

चाकांवरचं_बिऱ्हाड

नागपूरकर, हे उपयोगी. पण पुढच्या उन्हाळ्यात आम्ही अलास्काला निघतोय. सॅम्सने २०१८ मध्ये अलास्का आणि वॉशिंग्टन या दोन्ही राज्यांतली आपली दुकानं बंद केली. फेअरबँक्समधल्या त्यांच्याच रिकाम्या इमारतीत त्या वर्षी कॉस्टको आलं. अँकरेज आणि जुनोलाही कॉस्टको आहे. त्यामुळे या वर्षापुरता तरी माझा कौल कॉस्टकोलाच.

व्हॅनवासी, वाया जाण्याचा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण आमचंही होतं. त्यावर आम्ही जे करतो ते सांगते. गेल्या एप्रिलमध्ये ॲरिझोनात आंब्यांचा खोका आणला, पिवळे अटाउल्फो. दोघांना तो संपत नाही. शेजारच्या दोन आरव्हींमध्ये वाटून पैसे वाटून घेतले आणि अक्षय्य तृतीयेला तिघांच्या टेबलांवर आमरस झाला. लोणी, अंडी, बदाम असंच. कार्ड एकाचं, माल तिघांचा. घरात असताना शेजाऱ्याला खोकाभर आंब्यांतला वाटा कधी दिला नव्हता.

व्हॅनवासी

तुम्ही कॅम्पग्राउंडवर राहता, ताई. मी सरकारी जमिनीवर एकटा राहतो. चौदा दिवस झाले की उठायचं, आणि सगळ्यात जवळचा शेजारी पाव मैलावर. वाटून घ्यायला माणूस लागतो.

हिशेबाची_वही

हे मात्र माझ्या आकड्यांत नव्हतं. दोघं, कॅम्पग्राउंड, मागे छोटी गाडी, अलास्काचा बेत, तर कार्ड ठेवा. एकटा, व्हॅन, वाळवंट, तर क्रोगर. दोघांचं गणित एका पट्टीने मोजता येणार नाही.

फिफ्थव्हील_दादा

बिऱ्हाड ताई, अलास्काला रस्त्याने जाणार म्हणजे कॅनडातून. अमेरिकेतलं कॉस्टको कार्ड तिथे चालतं. पण तिकडच्या कॉस्टकोत व्हिसा चालत नाही, क्रेडिट कार्ड असेल तर मास्टरकार्डच लागतं. निघायच्या आधी एक काढून ठेवा. आणि सामान तिकडच्या प्रिन्स जॉर्जला भरून घ्या. त्यापुढे उत्तरेला गावं विरळ होत जातात आणि भाव चढत जातात.

चाकांवरचं_बिऱ्हाड

दादा, ह्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. मास्टरकार्डाचं लिहून घेतलं त्यांनी. १३० चं कार्ड ६५ वर आणतोय. तांदूळ आणि तूरडाळ मात्र देसी दुकानातूनच, तेही लहान पिशवीत, यावर ते ठाम आहेत.

प्रिन्स जॉर्जला प्रोपेन भरून मिळतं का, कोणी केलंय का तिकडचं?